लाल पेन्सिल, निळी पेन्सिल

खराडीत आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारतींमागं आमची वस्ती. तिथं रविवारी मी पोरांचा अभ्यास घेतो. आठवीच्या पुस्तकात धडा आहे 'इतिहासाची साधने'. पोरं घोकतात : भौतिक, लिखित, मौखिक. मार्क पडले की धडा संपला. पण साक्ष देणारा कोण, त्यानं स्वतः पाहिलं की कुणाकडून ऐकलं, हे कोण विचारणार? न विचारणारी पोरं तयार करायचा धंदा इथं पिढ्यान् पिढ्या जोरात चाललाय, मित्रांनो.

म्हणून मी मुक्ता साळवेचा निबंध वाचायला दिला. मातंगाची पोर, जोतिबा-सावित्रीच्या शाळेतली. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तिनं मांग-महारांचं दुःख मांडलं. माझ्या पोरांच्याच वयाची. प्रत्येकाला दोन पेन्सिली दिल्या. म्हटलं, मुक्तानं डोळ्यांनी पाहिलं ते लाल करा, ऐकलं ते निळं.

बाळंतीण होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नाही, थंडीवाऱ्यात हाल. लाल. मग आलं गुलटेकडीचं मैदान, आमच्या माणसांच्या मुंडक्यांचा चेंडू. पोरांचे हात थांबले. एक पोरगी म्हणाली, "सर, पेशवाई १८१८ ला बुडाली. मुक्ता तवा जन्मलीच नव्हती की!"

बरोबर. निळं.

हे ऐकून आमचा एक कार्यकर्ता भडकला. "भाऊ, आपल्याच माणसाची उलटतपासणी? उद्या ते म्हणतील, बघा, ऐकीव हाय, खोटं हाय." त्याचा राग मला कळतो. पण ऐकीव म्हणजे खोटं, हे ठरवलं कुणी? ज्यांच्या हाताला पाटी शिवू दिली नाही त्यांची साक्ष तोंडातोंडीच येणार. मुक्ताच्या आज्याच्या पिढीनं बाजीरावाचं पुणं भोगलेलं. मधे अंतर ते किती? आणि निळी पेन्सिल काय फक्त आमच्या कागदासाठी बनवलीय? चालवा की सगळ्यांच्या पोथ्यांवर!

मग पोरांना घेऊन नगर रोडनं कोरेगाव भीमाला गेलो. १ जानेवारीला नाही. त्या दिवशी खांबावरचं वाचायला उसंत कुठली? साध्या रविवारी गेलो. खांब कुणाचा? कंपनी सरकारचा, पायाभरणी १८२१ ची. म्हणजे लढणाराच स्वतःचा विजय सांगतोय. एल्फिन्स्टन लढाईनंतर दोन दिवसांनी, ३ जानेवारी १८१८ ला गावात आला. जळकी घरं, रस्त्यात माणसांची-घोड्यांची मढी त्यानं पाहिली. मढी लाल, लढाई निळी. साहेब झाला म्हणून काय झालं?

खांबावर ४९ मेलेल्यांची नावं. पोरांनी मोजली. २२ नावांच्या शेवटी 'नाक'. त्याच पोरीनं विचारलं, "यांनी काय सांगितलं त्या दिवसाचं?"

त्यांना विचारायला कुणी उरलंच नव्हतं. तिनं वहीत ते पान तसंच कोरं सोडलं.

आता रोज रात्री ती आजीला बसवते. आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला होती. मुकादम काय बोलायचा, पाणी कुठून आणायचं, कुणाच्या हिरीवर चढू दिलं नाही, सगळं विचारते. परवा नवी लाल पेन्सिल मागायला आली होती.