औषध हाती, निदान दूर. मेंदूतील फोलेटच्या कमतरतेने दाखवलेली उणीव

नवी दिल्ली : दुर्मिळ आजार म्हटला की कोट्यवधी रुपयांचे औषध आणि त्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावणारे पालक, हेच चित्र समोर येते. मेंदूतील फोलेटची कमतरता हा बालकांचा आजार या चित्रात बसत नाही. त्यावरील ल्युकोव्होरिन हे औषध कर्करोगाच्या उपचारांत अनेक दशके वापरात आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. खरी अडचण आहे ती वेळेवर निदान होण्याची.

फोलेट म्हणजे ब-९ जीवनसत्त्व. ते रक्तातून मेंदूपर्यंत नेण्याचे काम प्रामुख्याने एक विशिष्ट प्रथिन करते. ‘एफओएलआर१’ जनुकातील दोषाने हे प्रथिन निकामी झाल्यास किंवा शरीरानेच त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केल्यास, रक्तात पुरेसे फोलेट असूनही मेंदू त्यापासून वंचित राहतो. जनुकीय प्रकारात बहुधा वयाच्या दुसऱ्या वर्षानंतर मुलाचे चालणे-बोलणे मागे पडू लागते, तोल जातो, झटके येतात. नेहमीच्या रक्ततपासणीत दोष दिसत नाही. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून त्यातील फोलेट मोजावे लागते आणि जनुकीय चाचणीही करावी लागते. साध्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या येथे उपयोगाच्या नाहीत. उलट त्या फोलेटच्या वहनात अडथळा आणू शकतात. ल्युकोव्होरिन मात्र दुसऱ्या मार्गाने मेंदूत पोहोचू शकते.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने या औषधाचा संबंध स्वमग्नतेशी जोडल्यानंतर त्याची जगभर चर्चा झाली. तथापि, स्वमग्न असलेल्या प्रत्येक मुलाला हा आजार असतो, असे नाही. सरसकट वापराला पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनीही स्पष्ट केले आहे.

भारतात २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणानुसार निवडक उत्कृष्टता केंद्रांत प्रतिरुग्ण ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. दिल्लीतील एम्स व मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालय, तसेच मुंबईचे केईएम रुग्णालय ही त्यांपैकी काही केंद्रे होत. दिल्ली उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२४ रोजी दुर्मिळ आजारांसाठी राष्ट्रीय निधी उभारण्याचे आणि २०२४-२५ व २०२५-२६ या दोन वर्षांकरिता ९७४ कोटी रुपये देण्याचे निर्देश दिले होते.

निधीची ही चर्चा मुख्यतः महागड्या औषधांभोवती फिरते. फोलेटच्या कमतरतेत मात्र मूल या केंद्रांपर्यंत पोहोचेतो गेलेला काळ अधिक महागात पडतो. उपचार जितका लवकर, तितका लाभ अधिक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत जाऊन बालकांची तपासणी करतात. शिकलेले विसरू लागलेले मूल त्यांनी वेळीच हेरून तज्ज्ञांकडे पाठवले, तर निदानाचा मार्ग अंगणवाडीपासूनच सुरू होईल. त्यासाठी प्रशिक्षण आणि जिल्ह्याजवळ चाचणीची सोय हवी. त्याविना हाती असलेले औषधही उशिराच पोहोचेल.