शिळे आणि उष्टे

रात्री उरलेली भाकरी सकाळी कुस्करून तिला कांदा, लसूण, मिरची व हळदीची फोडणी द्यावी, ही गिरणाकाठच्या आपल्या भडगाव परिसरातील घरोघरची रीत. तथापि वसतिगृहात हाच कुस्करा वाढला की काही पालक विचारतात, "आमच्या मुलांना शिळे का?" हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. त्यामागे इतिहास आहे.

गावकीच्या कामाच्या मोबदल्यात महारांना दारोदार भाकरी मागावी लागे, आणि पदरात पडत ते शिळेपाके तुकडे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस व असे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. त्यांचा रोष होता तो हात पसरायला लावणाऱ्या व्यवस्थेवर. आपल्या श्रमाची, आपल्या चुलीवरची भाकरी दुसऱ्या दिवशी खाणे ही काटकसर आहे. तिच्यात लाचारी नाही.

आता पोषणाचे पाहू. शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे ११ ग्रॅम प्रथिने व ६ मिलिग्रॅम लोह असते. भाकरी थंड झाल्यावर तिच्यातील काही स्टार्च सावकाश पचणारा बनतो. मात्र धान्याच्या प्रथिनांत लायसिन कमी असते. ती उणीव डाळी भरून काढतात. ज्वारीत उडीद दळून कळण्याची भाकरी करणाऱ्या खानदेशी बायांनी हा मेळ केव्हाच साधला होता. म्हणून कुस्कऱ्यात मोड आलेली मटकी शिजवून घालावी, मूठभर शेंगदाणे टाकावेत आणि वरून लिंबू पिळावे. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागते. तेल-मीठ बेताचे असावे. पाच रुपयांच्या कुरकुरीत पुडीपेक्षा ही न्याहारी निश्चितच सरस आहे.

दोन पथ्ये मात्र काटेकोर पाळावीत. भाकरी टोपल्यातील, न वाढलेलीच घ्यावी. पानात उरलेली कदापि नाही. पावसाळ्यात बुरशीचा ठिपका दिसला, तर तेवढा भाग न काढता अख्खी भाकरी टाकून द्यावी.

तिसरे पथ्य समतेचे. विद्यार्थ्यांच्या पंगतीत कुस्करा असेल, त्या सकाळी शिक्षकांच्या व संचालकांच्या ताटातही तोच असावा. मुलांना शिळे आणि मोठ्यांना ताजे, असा भेद ज्या दिवशी सुरू होईल, त्या दिवशी पालकांचा आक्षेप सर्वस्वी रास्त ठरेल.