हळदीचा दावा आणि बी.एस्सी.चा विद्यार्थी

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला की मराठी मध्यमवर्गीय घरांवर सुतकी कळा येते. डॉक्टर होणे ज्याच्या नशिबी नाही, तो बी.एस्सी.च्या वर्गात येऊन बसतो आणि पहिल्याच दिवसापासून स्वतःला पराभूत समजू लागतो. वनस्पतिशास्त्र वा प्राणिशास्त्र हा विषय त्याने निवडलेला नसतो, वाट्याला आलेला असतो. नातलगांना सांगताना पालकांचाही आवाज खाली येतो. या मनोवृत्तीत त्या विद्यार्थ्याचे नुकसान आहेच. देशाचे त्याहून मोठे आहे.

हळदीचे प्रकरण आठवावे. १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून आणण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. जे आपल्याकडे आजी नातवाच्या फुटलेल्या गुडघ्यावर करते, त्यावर परक्या देशात मालकी नोंदली गेली. (शोधकर्ते म्हणून नावे लागली ती भारतीय वंशाच्या दोघांची, हा त्यातला आणखी कडू भाग.) वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. पण कशाच्या बळावर? ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ या घोषणेच्या बळावर खचितच नव्हे. परिषदेने ३२ लिखित संदर्भ पुढे ठेवले. त्यांत संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतील जुने उल्लेख होते. २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे राहिले ते याच अनुभवातून. तेथे श्लोकातील वनस्पतीला तिचे शास्त्रीय नाव जोडावे लागते. संस्कृतज्ञाच्या शेजारी वनस्पतिशास्त्रज्ञ बसल्यावाचून ते काम होत नाही.

या क्षेत्राचे दार बी.एस्सी. झालेल्या मुलालाही उघडे आहे, हे किती महाविद्यालये सांगतात? विज्ञानाची पदवी असलेला, एकवीस वर्षे पूर्ण झालेला भारतीय नागरिक पेटंट कार्यालयाची परीक्षा उत्तीर्ण होऊन पेटंट एजंट होऊ शकतो. त्यासाठी वकिलीची पदवी लागत नाही. भारतीय वनसेवेच्या परीक्षेलाही वनस्पतिशास्त्र वा प्राणिशास्त्राचा पदवीधर पात्र असतो. संशोधनाची वाट लांब आहे, हे मात्र मुलांपासून लपवू नये. एम.एस्सी., मग नेट, मग पीएच.डी.ची कित्येक वर्षे. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली खरी, पण ती मिळते निवडक मुलांना. नुसत्या पदवीवर औषधकंपनीची बॅग खांद्याला लावून दवाखान्यांचे जिने चढणारे तरुण पुष्कळ आहेत. ते कष्टाचे काम आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

खरा दुष्काळ आहे तो झाड, किडा, मासा ओळखू शकणाऱ्या माणसांचा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि त्या समितीने लोकजैवविविधता नोंदवही करायची. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घालताच नोंदवह्या धडाधड भरल्या गेल्या. वैदूला आणि धनगराला जे ठाऊक होते, ते त्यांत कितीसे उतरले?

मालवणात जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर (‘सुधारक’कार आगरकर वेगळे) मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत असताना पश्चिम घाट पालथा घालीत. तोवर केवळ आफ्रिकेत असल्याचे मानले जाणारे गोड्या पाण्यातील जेलीफिश त्यांना येथे सापडले. पुढे १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली आणि पुण्यातील तिची संशोधनसंस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. आजच्या प्रात्यक्षिकांत मात्र फॉर्मॅलिनच्या बाटल्यांवरील चिठ्ठ्या पाठ केल्या तरी गुण मिळतात. पावसाळ्यातले चार रविवार सह्याद्रीच्या सड्यांवर काढणारा विद्यार्थी त्याहून अधिक शिकेल, आणि नोंदवही नीट करू पाहणाऱ्या ग्रामपंचायतीला नेमका तोच हवा असेल. त्याला मानधन कोठून द्यावे, हा प्रश्नही तितका अवघड नाही. स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद त्याच कायद्यात आरंभापासून आहे.