पायपेटीवर बाख : एक विनंती

आपल्या महाविद्यालयाच्या संगीत खोलीत एक जुनी पायपेटी आहे. तिचा भाता एका बाजूने फाटला आहे आणि खालच्या सप्तकातील काही पट्ट्या दाबल्या तर आवाज न येता नुसती फुसफुस येते. ती भंगारात काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणावा, अशी चर्चा सध्या विद्यार्थ्यांत चालू आहे. या विचाराला माझा विरोध आहे, आणि तो केवळ जुन्याच्या प्रेमापोटी नाही. ही पेटी दुरुस्त करावी आणि तिच्यावर भजन, नाट्यगीत यांबरोबरच योहान सेबास्टियन बाख याच्या लहान रचनाही वाजवायला आपण शिकावे, असे माझे म्हणणे आहे.

हे वाचून काही मित्र हसतील. गंगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू यांच्या भूमीत त्या जर्मन माणसाचे काय काम, असे ते विचारतील. प्रश्न रास्त आहे, पण पेटीचा इतिहास पाहिला की त्याची धार बरीच कमी होते. कारण पेटी तरी कोठली? पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅं याने १८४२ च्या सुमारास हार्मोनियमचे पेटंट घेतले. मिशनरी आणि साहेब लोक ती इकडे घेऊन आले. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून एका हाताने भाता मारता येईल अशी हातपेटी तयार केली. मराठी संगीत रंगभूमीने पायपेटी आणि ऑर्गन इतके आपलेसे केले की बालगंधर्वांचे गाणे ऑर्गनशिवाय डोळ्यांपुढे येत नाही. गोविंदराव टेंबे यांनी पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा दिली. आपल्या शेजारच्या बेळगावात रामभाऊ विजापुरे (१९१७-२०१०) यांनी आयुष्यभर पेटी वाजवली आणि शिकवली. एवढे सगळे झाल्यावर पेटी परकी म्हणण्याचे धाडस आज कोणी करील काय?

पण एके काळी ते झाले होते. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. पेटीचे स्वर ठरीव, त्यात मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, हे आक्षेप होते. गंमत अशी की जॉन फोल्ड्स हा इंग्रज संगीतकार आणि रवींद्रनाथ ठाकूर हे दोघेही या बाबतीत एकाच बाजूला होते. १९७१ पर्यंत ही बंदी टिकली. १९५० साली सुरू झालेल्या आपल्या धारवाड केंद्रालाही पहिली वीस-एकवीस वर्षे याच नियमाखाली काढावी लागली. मैफलीत पेटी आणि रेडिओवर सारंगी, असा तो काळ होता.

आक्षेप मात्र खोटे नव्हते. तंबोरा नीट लागला की त्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो त्याचे षड्जाशी प्रमाण ५:४ असते. पेटीचा गंधार त्यापेक्षा किंचित चढा असतो, कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी यावर उपाय म्हणून बावीस श्रुतींची पेटी करवून घेतली, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर चर्चा झाली. देवलांच्या संशोधनाला ज्यांच्या गळ्याचे साहाय्य झाले ते अब्दुल करीम खाँसाहेब म्हणजे कुंदगोळच्या सवाई गंधर्वांचे गुरू. म्हणजे पट्ट्यांच्या वाद्यात गळ्याचा स्वर कसा आणावा, हा वाद आपल्या घरातलाच आहे.

आता मुद्दा असा की युरोपातही हाच प्रश्न होता. बाखच्या काळी (१६८५-१७५०) घरोघरी क्लाविकॉर्ड नावाचे एक लहान वाद्य असे. लांबट लाकडी पेटी, टेबलावर ठेवता येईल अशी, आत तारा ताणलेल्या. पट्टी दाबली की तिच्या दुसऱ्या टोकाचे पितळेचे पाते तारेला खालून लागते आणि बोट उचलीपर्यंत तारेला टेकूनच राहते. त्यामुळे वाजवणाऱ्याचे बोट स्वर निघाल्यावरही तारेशी जोडलेले राहते. बोटाचा दाब कमीजास्त केला तर स्वर हलका डोलतो. पियानोला हे जमत नाही. आपल्याकडील आंदोलनाची ही धाकटी बहीणच म्हणायची. बाखचा मुलगा कार्ल फिलिप एमान्युएल याने १७५३ च्या आपल्या ग्रंथात, वादकाची खरी पारख क्लाविकॉर्डवर होते, असे मत मांडले आहे.

या वाद्याचा आवाज इतका नाजूक की शेजारच्या खोलीतही नीट ऐकू जात नाही. सभागृहासाठी ते निरुपयोगी, पण अभ्यासासाठी उत्तम. मी बेलूरला राहतो. देवळाचे बेलूर हासन जिल्ह्यात, आमचे बेलूर कारखान्यांचे. रात्रपाळी करून आलेला माणूस दोन खोल्यांच्या घरात दिवसा झोपलेला असतो, तेथे रियाजाची अडचण काय असते ते सांगायला नको. तेव्हा, मोठा आवाज म्हणजे मोठे वाद्य, ही समजूत सोडली पाहिजे. संगीत शिकण्याचे बरेचसे काम अशा लहान, स्वस्त, घरगुती वाद्यांवरच झालेले आहे.

अशा घरगुती शिकवणीसाठीच बाखने काही रचना केल्या. १७२० साली त्याने आपल्या नऊ वर्षांच्या थोरल्या मुलासाठी एक वही सुरू केली. त्यातील काही तुकडे सुधारून १७२३ साली त्याने पंधरा दोन-आवाजी आणि पंधरा तीन-आवाजी रचनांचा संच सिद्ध केला. दोन-आवाजी रचनांना आज 'इन्व्हेन्शन' म्हणतात. संचाच्या मुखपृष्ठावर त्याने हेतू सांगितला आहे : विद्यार्थ्याला दोन आवाज स्वच्छ वाजवता यावेत, सुचलेली कल्पना वाढवता यावी, आणि मुख्य म्हणजे वादनात गाण्याचा गुण यावा. वाद्य कोणते, तर 'क्लाविएर', म्हणजे पट्ट्यांचे कोणतेही वाद्य. गायकी अंगाने वाजवा, असे सांगणारा हा माणूस धारवाडात परका कसा ठरेल?

पहिलीच रचना पाहा. अवघ्या बावीस मात्राखंडांची. स्वर मुख्यतः आपल्या बिलावल थाटाचे, सगळे शुद्ध. मूळ स्वरवाक्य फक्त आठ स्वरांचे. उजवा हात ते म्हणतो, मग डावा हात तेच खालच्या सप्तकात म्हणतो, पुढे तेच वाक्य उलटे होऊन येते, वेगवेगळ्या स्वरांवरून उचलले जाते. ज्याने लहानपणी पलटे घोटले आहेत त्याला ही खटपट चटकन कळते. नवे आहे ते एवढेच की डावा हात साथीला नाही. तो स्वतंत्र आहे. वाणिज्य शाखेच्या मित्रांना एक दाखला देतो. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली याने द्विनोंदी पद्धत छापून प्रसिद्ध केली. त्यात प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना येतो, दोन्ही बाजूंना स्वतंत्र अर्थ असतो, आणि ताळा जुळतो तेव्हाच वही खरी. या संगीताची वहीही तशीच ठेवलेली आहे.

पायपेटीवर हे तंतोतंत क्लाविकॉर्डसारखे वाजेल, असा माझा दावा नाही. तारेचा स्वर विरतो, पेटीचा स्वर भाता चालेपर्यंत टिकतो. खालचे रीड बोलायला किंचित वेळ घेतात, म्हणून लय थोडी उतरवावी लागेल. स्वर डोलवणे तर पेटीत नाहीच. पण पायाच्या दाबाने आवाज फुलवता आणि मिटवता येतो, ही सोय बाखच्या काळच्या हार्पसिकॉर्डलाही नव्हती. आणि दोन्ही हात मोकळे राहतात, हे सर्वांत महत्त्वाचे. हातपेटीवर एक हात भात्यात अडकतो, म्हणून दोन आवाज एकट्याने वाजवणे जमत नाही. नेमकी पायपेटीच आपण विकायला निघालो आहोत!

कीबोर्डला माझा विरोध नाही. तो जरूर घ्यावा, युवक महोत्सवात त्याचा उपयोग होतो. पण कीबोर्ड कधीही विकत मिळेल. भंगारात गेलेली पायपेटी परत मिळणार नाही, आणि ती दुरुस्त करणारे हातही दिवसेंदिवस कमी होत आहेत.

आणखी एक गोष्ट मनात आहे. आपल्या या अंकाचे दोन विभाग आहेत, मराठी आणि कन्नड. मी दोन्ही वाचतो, कारण शाळा मराठीतून झाली आणि गल्लीतले बोलणे कन्नडमधून. पण बहुतेक वाचक आपला विभाग वाचतात आणि उरलेली पाने तशीच सोडून देतात. स्नेहसंमेलनातही एका भाषेचे गाणे झाले की दुसऱ्या भाषेचे लोक चहाला उठतात. दोन आवाजांनी एकमेकांचे वाक्य उचलून पुढे न्यायचे, कोणी कोणाचा साथीदार नाही, हे एकदा बोटांनी अनुभवले तर त्याचा उपयोग पेटीपुरताच राहील असे मला वाटत नाही.

म्हणून प्राचार्य आणि विद्यार्थी मंडळ यांना माझी विनंती अशी : पेटी विकण्याचा निर्णय एक वर्ष पुढे ढकलावा. जाणत्या कारागिराला दाखवून भात्याच्या आणि रीडच्या दुरुस्तीचा अंदाज घ्यावा. तोपर्यंत दोन विद्यार्थ्यांनी दोन हातपेट्या घेऊन एकेक आवाज वाजवावा. एक मराठी विभागातला, एक कन्नड विभागातला असला तर फारच उत्तम. पाश्चात्त्य नोटेशन येत नसेल तर अडणार नाही, ते सरगमात लिहून घेता येते. मी पहिल्या रचनेचे दोन्ही आवाज असे लिहून काढले आहेत. ज्याला हवे असतील त्याने संगीत खोलीत येऊन उतरवून घ्यावेत.