कधी चालतो, कधी नाही



एखादी वस्तू पूर्ण बंद पडलेली परवडली, पण मधूनच बंद पडणारी नको, असं माझं ठाम मत झालं आहे. पूर्ण बंद पडलेली वस्तू दुरुस्त तरी होते. कधी चालणारी, कधी न चालणारी वस्तू मात्र अंदाजाने दुरुस्त केली जाते आणि त्या अंदाजाचं बिल आपण भरतो. जुन्या गाडीतला एसी-हीटरचा ब्लोअर हे याचं उत्तम उदाहरण.

आमची गाडी 2008 सालची, एमएच 04 नंबरची. पंधरा वर्षं झाल्यावर 2023 मध्ये रीतसर फेरनोंदणी केली, ग्रीन टॅक्स भरला. इंजिन ठणठणीत, पण ब्लोअर लहरी. भाईंदरहून निघताना चालायचा, काशीमिऱ्याला गप्प व्हायचा आणि खड्ड्यात चाक आपटलं की पुन्हा सुरू! भाचा म्हणाला, "मामा, काचा उघडा की, एवढं काय त्यात?" उन्हाळ्यात ठीक आहे हो. पण गेल्या पावसाळ्यात रात्री घोडबंदर रोडने ठाण्याहून येताना ब्लोअर थांबला आणि बघता बघता समोरची काच आतून धूसर झाली. बाजूने कंटेनर जाताहेत, समोरून दिवे डोळ्यांवर येताहेत, आणि सौ. रुमालाने काच पुसते आहे. एसी हवेतला दमटपणा काढतो म्हणून काच स्वच्छ राहते, पण ती कोरडी हवा काचेपर्यंत नेणारा पंखा एकच. हीटरलाही तोच. त्यामुळे ब्लोअर म्हणजे चैन, हे मला मान्य नाही.

एका गॅरेजात गाडी नेली. पाहताक्षणी निकाल लागला, "मोटर गेली, नवी टाकावी लागेल. साडेचार हजार." त्या क्षणी ब्लोअर मस्त चालू होता!

मी शाळेत असताना वर्गात एक मुलगा अधूनमधून गैरहजर राहायचा. सगळे म्हणायचे, उनाड आहे. हजेरीपट चाळला तेव्हा दिसलं, गैरहजेरी फक्त बाजाराच्या दिवशी. आईबरोबर मासळीच्या टोपल्या उचलायला जायचा बिचारा. मधूनच होणाऱ्या गोष्टीला औषध एकच, हजेरीपट! म्हणून मी एका वहीत लिहायला लागलो: ब्लोअर कधी थांबला, कितव्या नंबरवर, किती वेळाने, कशाने सुरू झाला.

या नोंदी बरंच काही सांगतात. ब्लोअर फक्त सर्वात वरच्या नंबरवर चालतो आणि खालच्या नंबरांवर नाही, तर बहुतेक वेळा रेझिस्टर गेलेला असतो. खालच्या नंबरांना वीज त्याच्यातून जाते, वरच्या नंबराला थेट. डॅशबोर्डवर थाप मारली की चालू होतो, तर मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत किंवा कुठेतरी जोड सैल आहे. अर्ध्या-पाऊण तासाने हवा हळूहळू कमी होते, पंख्याचा आवाज मात्र येतोच आहे, आणि एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर पूर्ववत होते, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. तिथे ब्लोअर निर्दोष आहे. आणि बंद पडलेला असतानाच मोटरच्या दोन्ही पिनांवर मीटर लावायचा. वरच्या नंबरवर बारा व्होल्ट येताहेत आणि मोटर ढिम्म, तर दोष मोटरचा. येत नाहीत, तर दोष वाटेत: फ्यूज, रिले, स्विच, कनेक्टर किंवा अर्थिंग. फ्यूज उडतोय म्हणून जास्त अँपिअरचा मात्र कधीही घालू नये, वायर पेटू शकते.

वही घेऊन मी एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने ती शांतपणे वाचली, ग्लोव्ह बॉक्स उतरवला आणि दीड तास शोधलं. एका कनेक्टरची पिन हिरवी पडून सैल झाली होती, तिथलं प्लास्टिक वितळलं होतं. एका बाजूला खाडी, दुसरीकडे समुद्र, त्यात मिठागरांचं गाव! आपल्याकडे तांब्याला हिरवं यायला वेळ लागत नाही. मोटर कोरडी पडून जास्त करंट ओढते का, हेही त्याने तपासलं, नाहीतर नवा कनेक्टरही वितळला असता. मागितले किती? तीनशे रुपये! म्हणाला, "सर, शोधायचे पैसे कोण देतो? पार्टचे देतात."

मंडळी, माझं म्हणणं एवढंच आहे. नव्या मोटरचे साडेचार हजार आपण मुकाट्याने मोजतो, पण दीड तास डोकं चालवणाऱ्याला तीनशे देताना घासाघीस करतो. मग गॅरेजवाल्याने शोधावं कशाला? पार्ट बदलणं त्याला सोपं पडतं आणि फायद्याचंही. ही सवय त्याला आपणच लावली आहे. डॉक्टरांना तपासणीची फी देतो, तशी इथेही द्यावी. मी त्याला सहाशे दिले. सौ. आधी माझ्याकडे बघत राहिली, पण नंतर तिलाही पटलं.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी पावसाळ्याआधी एक छोटी वही गाडीत ठेवावी. आणि हो, शोधणाऱ्याच्या वेळेचे पैसे किती द्यावेत, याबद्दल तुमचं मत जरूर कळवा.