घाटात गियर कोण काढतं?

काटई नाक्यापासून बदलापूरपर्यंतच्या पाइपलाइन रोडवर ज्यांची रोजची ये-जा आहे, त्यांना नवा ट्रकवाला लांबूनच ओळखू येतो. डावीकडे वळताना तो गाडी कडेला घासून घेतो. पुढची चाकं सुखरूप निघतात आणि मागची वळण आतून कापत फुटपाथवर चढतात. केबिनच्या अगदी खाली, डाव्या अंगाला, एखादी दुचाकी येऊन थांबली आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. नेवाळी नाक्याच्या गर्दीत भरलेली गाडी उठवताना तो क्लच जाळतो आणि तो वास मागच्या रिक्षापर्यंत पोहोचतो. आपण हॉर्न वाजवतो, काच खाली करून दोन शब्द सुनावतो आणि पुढे निघून जातो.

या हातापायाच्या चुका लवकर सुटतात. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात रिव्हर्स घेताना मागे माणूस उभा करायचा आणि तो आरशात दिसेनासा झाला की तिथंच थांबायचं, हे एकदा मडगार्ड घासलं की कायमचं कळतं. माल रस्त्यात दबतो, ताडपत्रीची दोरी सैल पडते, म्हणून थोडं अंतर गेल्यावर उतरून ती पुन्हा आवळायची. बीएस-६ गाडीतल्या डीईएफची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची, टाकी वेगळी असते; ते चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर गाडी चालूच करायची नाही, आधी मेकॅनिकला बोलवायचं. हे सगळं कुणीतरी सांगितलं की येतं. मला काळजी वाटते ती दुसऱ्या चुकांची. त्या होतात नव्या ड्रायव्हरच्या हातून, पण त्याआधी कुणीतरी त्या त्याच्या हातात ठेवलेल्या असतात.

त्याला शिकवलेलं असतं किती? मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे मालवाहू गाडी चालवायला वयाची वीस वर्षं पूर्ण लागतात आणि त्याआधी किमान वर्षभर हलक्या वाहनाचा परवाना असावा लागतो. १९८९ च्या केंद्रीय नियमांत जड वाहनाच्या प्रशिक्षणासाठी किमान ३० दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १५ तास सांगितले आहेत. पंधरा तास! तेही बहुतेक ठिकाणी रिकामी गाडी, सपाट रस्ता आणि दिवसाउजेडी. २०१८ मध्ये भाराची मर्यादा वाढल्यापासून दोन ॲक्सलचा साधा ट्रकसुद्धा स्वतःच्या वजनासकट साडेअठरा टनांपर्यंत भरता येतो. एवढं वजन पाठीशी असताना ब्रेक किती आधी दाबायचा, हे रिकाम्या गाडीवर कसं कळणार?

पूर्वी ही उणीव क्लीनरकी भरून काढायची. पोरगा आधी काचा पुसायचा, चाकामागे दगड लावायचा, टायर हातोडीनं ठोकून आवाजावरून हवा ओळखायचा. रात्री उस्ताद झोपू नये म्हणून त्याच्याशी बोलत राहायचा. कित्येक घाट त्यानं शेजारच्या सीटवरून उतरलेले असायचे, मगच त्याच्या हाती स्टिअरिंग यायचं. त्या उमेदवारीत मारही होता, उपासमारही होती. तिचं कौतुक करायची माझी इच्छा नाही. पण शिकवणारा माणूस शेजारी बसलेला असायचा. आता क्लीनरचा पगार वाचवला जातो आणि परवाना हाती आलेला मुलगा एकटाच गाडी घेऊन निघतो.

असा एकटा निघालेला मुलगा बदलापूरहून मुरबाडमार्गे माळशेजला जातो, नाशिकचा माल असेल तर कसाऱ्याला, पुण्याचा असेल तर बोरघाटात. चढताना फारसं बिघडत नाही. गाडी दमते, तापते, थांबते. धोका उतरताना असतो. उतार लागला की तो गियर काढतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडतो. काही जण तर इंजिनच बंद करतात. आता काय होतं ते नीट पाहू. गियर निघाला की इंजिनाचा रोध जातो आणि सगळं वजन एकट्या ब्रेकवर येतं. ब्रेक सतत दाबला की ड्रम तापतो आणि तापलेल्या लायनरची पकड सुटत जाते. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो आणि हवा भरणारा कॉम्प्रेसर चालतो इंजिनावर. इंजिन बंद केलं की नवी हवा येत नाही. ब्रेक जितक्या वेळा दाबाल तितकी टाकीतली हवा कमी होत जाते. पॉवर स्टिअरिंगही इंजिनावरच अवलंबून, तेही जड होतं. म्हणूनच जुने ड्रायव्हर सांगतात की घाट ज्या गियरमध्ये चढाल त्याच गियरमध्ये उतरा, आणि गियर उतार सुरू व्हायच्या आधी टाका, मध्यावर नाही.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात, कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या एका ट्रकनं डझनावारी गाड्या चिरडल्या. ब्रेक निकामी झाले, असंच आधी सगळ्यांना वाटलं. तपासणीत ब्रेकमध्ये दोष सापडला नाही; डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पुढे आलं.

डिझेल वाचवण्यासाठी! इथं मला ड्रायव्हरपेक्षा मालकाची वही दिसते. अनेक ट्रान्सपोर्टमध्ये फेरीचं डिझेल ठरावीक ॲव्हरेजवर मोजून दिलं जातं. वाचलं तर ड्रायव्हरचं, कमी पडलं तर त्याच्या पगारातून. नव्या मुलाला मालकाच्या नजरेत भरायचं असतं, घरी चार पैसे जास्त पाठवायचे असतात, आणि पार्किंगमध्ये कुणीतरी सांगितलेलं असतं की घाटात न्यूट्रल मारलं की ॲव्हरेज निघतं. हे निव्वळ खोटं आहे. आजच्या इंजिनांत गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर इंजिनाला जाणारं डिझेल जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला डिझेल पीतच राहतं. ज्या बचतीसाठी जीव टांगणीला लावायचा, ती बचतच होत नाही. ही एवढी माहिती प्रत्येक मालकानं गाडीची किल्ली देताना स्वतःच्या तोंडानं सांगावी, असं मला फार वाटतं.

झोपेचं तेच. २०२५ पर्यंत लागू असलेला मोटर परिवहन कामगार अधिनियम, १९६१ दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालत होता, पाच तासांच्या आत अर्धा तास विश्रांती सांगत होता. प्रत्यक्षात काय होतं ते अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत या आणि पाहा. गाडी सकाळी गेटवर लागते, नंबर संध्याकाळी येतो. मधला वेळ कुणी कामाचा धरत नाही आणि त्या तापलेल्या केबिनमध्ये झोपही लागत नाही. (१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, हे फार चांगलं झालं, पण रस्त्यावर आज धावणाऱ्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या आहेत.) मग रात्री माल भरून झाला की सांगितलं जातं, पहाटेपर्यंत पोहोच. दिवसा ठरावीक वेळांत शहरात अवजड वाहनांना बंदी असते, म्हणून घाई आणखी वाढते. जुना ड्रायव्हर म्हणतो, शेठ, दोन तास पडतो आणि मग निघतो. नव्याच्या तोंडून ते वाक्य निघत नाही.

सगळ्यात जास्त भीती मला रासायनिक मालाची वाटते, कारण अंबरनाथ-बदलापूरचे अनेक कारखाने त्याच मालावर चालतात. धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद लागते. गाडीवर मालाचं नाव, क्रमांक आणि आपत्कालीन फोन नंबर लिहिलेला फलक लागतो. माल सांडला, पेटला तर काय करायचं हे सांगणारं ट्रेम कार्ड केबिनमध्ये, ड्रायव्हरला वाचता येईल अशा भाषेत असायला हवं. पण नवा मुलगा बिल्टीवर सही घेतो, ड्रम मोजतो आणि निघतो. ड्रममध्ये काय आहे, हे तो विचारतच नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनी नदीत टँकरनं घातक रसायन सोडलं गेलं. झोपेतल्या लोकांचे श्वास कोंडले आणि शेकडो जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. या भागातला माणूस ती पहाट विसरलेला नाही. अशा फेरीला ज्यादा पैसे मिळतात, आणि ती कुणाच्या गळ्यात मारणं सर्वांत सोपं असतं, याचा विचार केला की मला कालपरवा परवाना मिळालेला मुलगाच डोळ्यासमोर येतो. त्याला कुणीतरी आधीच सांगायला हवं: नाल्याकाठी नळ उघडायला सांगितला तर किल्ली परत दे आणि घरी जा. जादा भरलेल्या मालाचंही तसंच. २०१९ च्या दुरुस्तीनं त्याचा दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार केला. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. पैसे मालक भरेल, पण काट्यावर पकडला जातो तो ड्रायव्हर.

आणि इतकं करूनही अपघात झाला तर? नवा ड्रायव्हर पळतो. जानेवारी २०२४ मध्ये अपघातानंतर पळणाऱ्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेतल्या कलमाविरुद्ध ट्रकवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा जमावाच्या मारहाणीची भीती त्यांनी उघडपणे बोलून दाखवली. ती भीती खरी आहे. ते कलम अजून लागू झालेलं नाही. पण मोटार वाहन अधिनियमाचं कलम १३४ पहिल्यापासून आहे. जखमीला दवाखान्यात पोहोचवा, असं ते सांगतं. जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर तशी सूटही देतं. मात्र जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत, कळवावंच लागतं. म्हणजे जीव वाचवायला घटनास्थळापासून दूर जाणं आणि फरार होणं, यात कायद्यानं फरक केला आहे. ११२ ला फोन लावून थेट पोलीस ठाणं गाठणारा ड्रायव्हर पळपुटा ठरत नाही. हे त्याला परवान्याच्या परीक्षेत कुणी विचारत नाही आणि पहिल्या फेरीच्या आधी कुणी सांगतही नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या तिन्ही गावांतल्या मालकांकडे माझं एकच मागणं आहे. नव्या मुलाच्या पहिल्या काही घाटफेऱ्यांना शेजारच्या सीटवर एक जुना ड्रायव्हर बसवा, आणि त्या फेऱ्यांचा डिझेलचा हिशोब मागू नका.