भरून बुडणारी वाटी

देवरूखच्या लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालयात गेलं की वाटतं, आपलं घटिकापात्र, म्हणजे पाण्याचं घड्याळ, कुणीतरी मनापासून रंगवायला हवं. युरोपच्या चित्रांत वाळूच्या घड्याळाला केवढा मान! सिएनाच्या भित्तिचित्रात लोरेन्झेत्तीने १३३८च्या सुमारास ते संयमाच्या हाती दिलं. १५१३मध्ये ड्यूररने ते मृत्यूच्या हाती, घोड्यावरच्या योद्ध्यासमोर धरलेलं दाखवलं. आपण काळ पाण्याने मोजला. तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक. घंगाळात सोडली की २४ मिनिटांत बुडे, ती एक घटिका. लग्नघरी सूर्योदयाला किंवा सूर्यास्ताला तिची पूजा करून ती पाण्यावर सोडत आणि मुहूर्तापर्यंत किती वेळा बुडाली ते मोजत. वाळू सरत जाते, वाटी मात्र भरत जाते. शेवट म्हणजे रितं होणं नव्हे, भरून तळाशी जाणं, हे मला अधिक खरं वाटतं. आणि हे पात्र मांडलेलं कुठे, तर मंगलाष्टकांच्या शेजारी! देवरूखात कलामहाविद्यालय आहे, संक्रांतीला मार्लेश्वर-गिरिजादेवीचं लग्न लागतं ते मारळही जवळच. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी हा विषय घ्यावा आणि वाटीतलं पाणी काठाला टेकतं तो क्षण रंगवावा.